गुलाबाच्या पाकळ्यांखाली

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. विषय निघाला की पाणी प्यायच्या निमित्तानं उठायचो. ज्या तिघींना हे सांगायला हवं होतं, त्यांतली एक आता नाही. उरलेल्या दोघी, माझी मुलगी आणि तिच्या सासूबाई, तळवड्यात एका घरात राहतात. त्यांनी तरी वाचावं म्हणून लिहायला बसलोय.

मुलगी चार वर्षांची असताना माझी बायको गेली. माझी थोरली बहीण, आक्का, त्याआधीच कपाळ पांढरं झाल्यावर आमच्या दापोडीच्या दोन खोल्यांत राहायला आली होती. मी डाय फिटर, आधी पिंपरीत, मग चाकणला. शिफ्ट बदलत्या. मुलीची वेणी, शाळा, गोवर, परीक्षा, सगळं आक्कानं केलं. मुलगी तिला आत्या म्हणायची, पण झोपेत आई म्हणून हाक मारायची ती तिलाच.

लग्नाच्या आदल्या दिवशी तळवड्याहून विहीणबाई आणि चार बायका उष्टी हळद घेऊन आल्या. मुलगी पाटावर बसली आणि म्हणाली, "आधी आत्या."

आक्का मागे सरली. "अगं, सवाष्णी आहेत ना एवढ्या."

"आधी तू. नाहीतर मी उठते."

मुलीनं हट्टानं तिचा हात ओढला आणि आक्कानं तिच्या गालाला हळद लावली. त्याआधी, हात ओढला तेव्हाच, विहीणबाईंनी वळून पाहिलं होतं. मी मांडवाच्या खांबापाशी होतो, मला त्यांची पाठ आणि ते वळणं तेवढं दिसलं. त्यावरून मी सगळं ठरवून टाकलं. जुनं घराणं, गावात मान, आता या शूटिंगची सीडी त्यांच्या भावकीत फिरणार, माझ्या पोरीला बोल लागणार.

तेव्हा व्हिडिओवाला घरच्या एकाला शेजारी स्टुलावर बसवून कापाकापी करायचा. लग्नानंतर त्याच्या दापोडीच्या गाळ्यात मी बसलो होतो. हळद आली तसं मी म्हणालो, "हे काढून टाका."

"काका, गाण्याच्या मधोमध आहे. चाळीस सेकंदांचं भगदाड पडेल."

"मग?"

"गुलाब सोडू. वरनं पाकळ्या, मध्ये बदामात नवरा-नवरी. बायकांना लई आवडतं."

मी हो म्हणालो. मी स्वतः विधुर. कन्यादानाला चुलत भाऊ आणि वहिनी बसले, पण फेटा बांधून मी निम्म्या फिल्ममध्ये हिंडतोय. मला कापावं असं कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही.

सीडी आली तेव्हा शेजारपाजार जमला. आक्का दाराशी बसली होती. हळदीचं गाणं लागलं तसा तिनं पदर सारखा केला, जणू पडद्यातून कुणी तिच्याकडे बघणार होतं. आणि पाकळ्या पडायला लागल्या. लाल, गुबगुबीत, संथ. "अगंबाई, किती छान!" शेजारीण म्हणाली. आक्का पाकळ्या संपेपर्यंत बघत राहिली, मग चहा टाकायला उठली. मी मागे गेलो.

"माझं होतं ना रे ते?"

"तिकडच्या मंडळींनी काढायला सांगितलं," मी म्हणालो.

कुणीही सांगितलं नव्हतं. त्यांनी फिल्म पाहिलीसुद्धा नव्हती.

तिनं चहा गाळला. "बरं केलंस. पोरीला नांदायचंय."

त्यानंतर आक्का तळवड्याला गेली नाही. डोहाळजेवण झालं, बारसं झालं. ती डिंकाचे लाडू माझ्या हाती द्यायची आणि म्हणायची, "माझे गुडघे दुखतात म्हणून सांग." मुलगीच नातीला घेऊन दापोडीला यायची. मी निगडीला फ्लॅट घेतला, आक्का तिथंही आली नाही. दोन खोल्या तिला पुरत होत्या.

रिटायर झाल्यावर माळा आवरताना कच्च्या टेपांची पिशवी सापडली. व्हिडिओवाल्यानं तेव्हा फिल्मबरोबर त्याही दिल्या होत्या. मी त्यांवरची धूळ झटकून त्या परत वर ठेवल्या. महिनाभरानं निगडीच्या बसस्टँडजवळ एका क्लासची पाटी दिसली, व्हिडिओ एडिटिंग आणि मोशन ग्राफिक्स. आत गेलो. सगळे नातवाच्या वयाचे.

"काका, रील टाकणार का? व्हायरल होणार राव!"

"आधी माउस धरायला शिकवा," मी म्हणालो.

मॅडम तिशीतल्या, धीराच्या. त्यांनी टेपा आणि लग्नाची सीडी कॉम्प्युटरवर उतरवून दिली. कट शिकवला, लेअर शिकवले. काचेवर काच ठेवावी तसे एकावर एक थर, आणि प्रत्येक थरापुढे एक छोटा डोळा. डोळा मिटला की तो थर दिसत नाही, पण तो तिथंच असतो. मग की-फ्रेम. "पहिली जागा सांगा, शेवटची जागा सांगा. मधलं सगळं तो भरतो."

दुपारचे दोन ते चार. पडदे ओढलेले, पंख्याची घरघर, बाहेर बस वळताना काचा हलायच्या. मी आक्काचा शॉट पुढे-मागे सरकवत बसायचो. पुढे नेला की हळद गालावर चढायची, मागे आणला की उतरायची. हळदीचा रंग फिका पडून सायीसारखा झाला होता. पडद्यावरची आक्का माझ्या आजच्या वयापेक्षा लहान होती. कधी वाटायचं, आपण असंच मागे मागे नेत राहिलो तर ती पाटापासून उठेल, उलट पावली दापोडीच्या घरात जाईल, चार वर्षांच्या पोरीची वेणी उलगडेल. डोळा लागायचा. जागा झालो की ती तिथंच, बोटं गालापासून दोन इंचांवर थांबलेली.

अशाच एका दुपारी मी एकेक फ्रेम पुढे घेत होतो. विहीणबाई वळतात. तेव्हा मला दिसला नव्हता तो चेहरा कॅमेऱ्याला दिसला होता. त्यांच्या हातात हळदीची वाटी आहे. त्या आक्काकडे बघतात आणि वाटी पुढे करतात. आक्काची बोटं वाटीत जाईपर्यंत त्या वाकून थांबतात. मग डाव्या हातानं पदर डोळ्यांना लावतात.

मी तो तुकडा किती वेळा पाहिला, सांगता येणार नाही. मॅडमनी विचारलं, "काका, हँग झाला का?" मी म्हणालो, "नाही, मीच थांबलोय."

फिल्ममधले गुलाब काढले. शॉट परत बसवला, निम्म्या वेगानं. सर्वांत वर अक्षरांचा एक थर केला. जे तोंडानं बोलता येत नव्हतं ते लिहिलं, हळूहळू उमटेल अशा की-फ्रेम दिल्या. आणि मग भ्यालो. विहीणबाई त्या रूपात दिसल्या असत्या तर आक्कानं विचारलं असतं, मग त्यांनी काढायला का सांगितलं? म्हणून मी शॉटला झूम दिला. पहिली जागा सांगितली, शेवटची सांगितली. चौकट आक्का आणि मुलीच्या चेहऱ्यांवर सरकत गेली आणि विहीणबाई बाजूनं निघून गेल्या. कोपऱ्यात हिरव्या बांगड्यांचा हात आणि वाटी तेवढी राहिली. मॅडम म्हणाल्या, "काय सुंदर मूव्ह घेतलीत काका!" अक्षरांच्या थराचा डोळा मी मिटला.

दापोडीला जाऊन आक्काला दाखवलं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, ती टीव्हीच्या अगदी जवळ पाट घेऊन बसली. स्वतःला पाहून हसली. "किती बारीक होते रे मी." थोड्या वेळानं म्हणाली, "आता त्यांना चालतं का हे?"

"हो. आता काही नाही."

"बघ. माणसं निवळतात." मग कोपऱ्याकडे बोट केलं. "ही वाटी कुणी धरलीय?"

तिनं दार उघडून दिलं होतं. मला फक्त एक नाव घ्यायचं होतं.

"असेल कुणीतरी," मी म्हणालो.

दिवाळीनंतर आक्का गेली. गुडघे खरंच दुखत होते, छातीचं कुणाला कळलं नाही. तेराव्याला विहीणबाई आल्या, माझ्याजवळ बसल्या. "एकदा तरी आमच्या उंबऱ्याला पाय लावायला पायजे व्हता त्यांनी. पोर आईवाणी सांबाळलेली. आमीच काय चुकलो का, मला कळलं न्हाई बगा."

मी "चहा घ्या" म्हणालो.

ती फाइल अजून माझ्या कॉम्प्युटरवर आहे. मधूनमधून उघडतो. त्या वरच्या थराचा डोळा अजून मिटलेलाच. त्यावर लिहिलंय:

आक्का, तुला कापायला कुणी सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं, आणि नाव त्यांचं घेतलं. वाटी तुझ्यापुढे विहीणबाईंनी धरली होती. माझं चुकलं गं.