रक्तदाब सुभद्राबाईंचा, उत्तरं नवऱ्याची

महिला मंडळातल्या बायांनो, दवाखान्यात दुखणं आपलं असतं आणि सांगतो आपला नवरा. आज सकाळी लाखांदूरच्या दवाखान्यात मी हेच पाहून आले.

शेजारच्या सुभद्राबाईंची पाळी थांबून वर्ष झालं. तेव्हापासून त्यांना एकाएकी घाम फुटतो, छाती धडधडते, श्वास पुरत नाही. हे मला ठाऊक आहे, त्यांच्या नवऱ्याला नाही.

आज मी त्या दोघांसोबत गेले होते. डॉक्टरांनी सुभद्राबाईंच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधला, तशा त्या परक्या पुरुषाच्या स्पर्शाने आकसल्या. पट्टा सुटेपर्यंत त्यांनी श्वास धरून ठेवला. रक्तदाब बराच चढलेला निघाला.

"का तरास हाये बाईले?" डॉक्टरांनी नवऱ्याला विचारलं.

"काही नाही जी. धानाच्या रोवणीत राबली, कमजोरी हाये."

मी बोलणार, तोच सुभद्राबाईंनी माझा हात घट्ट दाबला. "नको सांगू वो बाई. मालक बसले हायेत."

सभेत माझा आवाज कुणाला आवरत नाही. तिथे मात्र मी गप्प बसले, कारण गोष्ट त्यांची होती.

"भीतीनं चढला असन," म्हणून डॉक्टरांनी ताकदीचं इंजेक्शन दिलं.

परतताना एसटीत त्यांना पुन्हा धाप लागली. मी पदराने वारा घालत "हळू सोडा श्वास" एवढंच म्हणत राहिले. दाब आज भीतीने चढला, की वर्षभर चढलेलाच आहे? अर्धंच ऐकलेला डॉक्टर हे कसं ओळखणार?

बायांनो, डॉक्टरांपुढे बसाल तेव्हा नवऱ्याला बाहेर थांबवा आणि पाळी कधी थांबली ते स्वतःच्या तोंडाने सांगा.