आठ बायकांच्या वजनाचे पाटे

ट्रकचे पाटे निवडताना मी जो गाढवपणा केला, तो आमच्या घरात कुणीही विसरलेलं नाही. नातवंडांना तर तो पाढ्यांसारखा पाठ आहे, आणि दर सुट्टीत ती त्यात काहीतरी नवीन घालतात. म्हणून म्हटलं, आपणच एकदा लिहून टाकावा. निदान खोटी भर तरी पडणार नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आम्ही अंधेरीला राहत होतो, आणि मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. होते. हे शेवटचं मी त्या काळात कुणालाही, न विचारता, सांगत असे. दूधवाल्यालासुद्धा.

आमच्या ह्यांना ऑफिसात खुर्चीवर बसून फायली पुढे ढकलायचं काम होतं, त्यामुळे रविवारी त्यांना काहीतरी खडबडीत हवं असायचं. त्यातून त्यांनी लष्कराने मोडीत काढलेला एक जुना ट्रक घेतला. चारही चाकांना जोर, पाठीमागे दोन्ही बाजूंना लाकडी बाकं, वर ताडपत्री. डोंगर, ओढे, दगड काहीही चढून जाईल असा. फक्त आत बसणाऱ्याची हाडं जागेवर राहतील याची हमी नव्हती. पाटे, म्हणजे चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या त्या लोखंडी कमानी, इतके जुने झाले होते की त्यांनी कमान सोडून दिली होती.

ते बदलायलाच हवेत असं ठरलं ते सासूबाईंमुळे. त्यांची थोरली बहीण मढला राहायची, नारळीच्या वाडीत. पूर्वी सासूबाई वर्सोव्याहून खाडी ओलांडणाऱ्या तरीत, म्हणजे होडीत, बसून उठसूट तिकडे जात. मग कंबरेतला मणका सरकला, आणि चिखलातून चालत जाऊन तरीत चढणं डॉक्टरांनी बंद केलं. बहिणीचे गुडघे गेलेले, ती इकडे येऊ शकत नव्हती. मध्ये नुसती खाडी. मालाडवरून मार्व्याच्या बाजूने वळसा घालून रस्ता होता, पण वाडीपर्यंतचा शेवटचा तुकडा म्हणजे खडक आणि खड्डे. तिथे टॅक्सी येत नसे, आणि रिक्षात एकदा निघाल्या तर मालाडलाच रडकुंडीला येऊन परतल्या होत्या. वर्षभर दोघी बहिणींची गाठ नव्हती. सासूबाईंना संध्याकाळी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर नेलं की त्या पलीकडच्या झाडांकडे बघत बसत.

“ट्रकला लांब पाटे बसवतो,” हे एका रविवारी म्हणाले. “आईला गादीवर आडवी घालून नेऊ. पाण्याचा थेंब हलणार नाही.”

घाटकोपरला एक गॅरेजवाला होता, सगळे त्याला उस्ताद म्हणत. स्वभावाने बढाईखोर. त्याच्याकडे दोन संच होते. एक लांब, पातळ, थोड्याच पात्यांचा. सोबत लांब शॅकल, म्हणजे पाटे गाडीला टांगायच्या कड्या, आणि लांब शॉकअप. चाक खड्ड्यात हातभर खाली उतरलं तरी वरची गाडी जागची हलायची नाही, असा. दुसरा जाडजूड, पात्यावर पातं रचलेला.

“मॅडम, दोन्ही मक्खन,” उस्ताद म्हणाला.

“अहो, पण जास्त मक्खन कोणतं?”

“जो आप लेंगे वो!”

ह्यांचा जीव त्या लांब, पातळ संचावर जडला होता. मी म्हटलं, असं नजरेनं निवडायचं नसतं. प्रयोग करायचा. ही फिजिक्स बोलत होती बरं का, मी नाही. उस्ताद आधी एक बसवून देईल, मग दुसरा. एकाच रस्त्यावर दोन्ही चालवून बघायचे. ह्यांनी मान डोलावली. नवीन लग्न होतं, मान डोलायची.

आता प्रयोग म्हटला की गाडीत कुणीतरी बसायला हवं. आमच्या कॉलनीत भजनी मंडळ होतं. मंगळवारी दुपारी आठ बायका जमून टाळ कुटायच्या. कंबर धरली त्याआधी सासूबाईही त्यांच्यातल्याच. एकीएकीचा देह असा की त्या बसल्या की सतरंजीला घडी पडत नसे. मी जाऊन म्हटलं, “ट्रकमधून दिंडोशीच्या डोंगराला फिरून यायचं का?” तर पेटी वाजवणाऱ्या काकू पायात चप्पल घालतच म्हणाल्या, “कधी?”

पहिल्या रविवारी पातळ पाटे. स्टुलावर चढून आठही जणी आत, प्रत्येकीच्या हातात मी काठोकाठ भरलेलं फुलपात्र दिलं. पाणी किती कमी सांडतं त्यावरून पाट्यांना गुण. दिंडोशीच्या खाणीकडच्या रस्त्याला लागलो आणि पहिल्याच खड्ड्यात गाडी बुडाशी जाऊन धाडकन आदळली. पुन्हा धाडकन. आठ फुलपात्रांचं पाणी आठ पदरांवर.

“अगं ए, आंघोळ करून आलेय मी!” तळमजल्यावरच्या वहिनी ओरडल्या.

“पातळ पाटे नापास,” मी जाहीर केलं.

पुढच्या रविवारी जाड पाटे. तोच रस्ता, त्याच बायका, तीच फुलपात्रं. काय सांगू! गाडी नुसती तरंगत होती. पाणी डुचमळलं, पण सांडलं नाही. पेटीवाल्या काकूंनी तर अर्ध्या वाटेत आपलं पाणी पिऊन टाकलं आणि झोपल्या.

हे म्हणाले, “तरी मला वाटतं, ते लांबवाले...”

“अहो, वाटण्याचा प्रश्नच नाही. प्रयोग झालाय.”

जाड पाटे पक्के झाले. पातळ संच उस्तादने कुणा खाणवाल्याला देऊन टाकला. मी आठवडाभर कॉलनीतून अशी चालत होते, जणू चाकाचा शोध आमच्याच घरात लागला.

मग तो दिवस उजाडला. मढला निरोप गेलेला. सासूबाईंनी बहिणीसाठी कुळथाचं पीठ बांधून घेतलं, ठेवणीतलं पातळ नेसल्या. मागच्या बाकावर दुहेरी गादी घातली, त्यांना पाय लांब करून बसवलं, शेजारी मी. त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

गाडी फाटकातून बाहेर पडली. बाहेरच गटाराचं काम चाललेलं, रस्त्यावर एक आडवा चर होता. ट्रक त्यावरून गेला आणि मी हवेत. खोटं नाही सांगत, माझं डोकं ताडपत्रीच्या दांडीला लागलं. सासूबाई गादीसकट उडाल्या आणि “आई गं!” म्हणून खाली आल्या. मी किंचाळले, “थांबवा!” हे थांबले, पण थांबताना दुसरं चाक चरातून गेलंच.

त्यांना धरून परत घरी आणलं. कंबर शेकायला घेतली. कुळथाच्या पिठाची पुरचुंडी तेवढी त्या मांडीवरून खाली ठेवेनात. मला मात्र रडू आलं. म्हटलं, “आई, मी नीट बघून घेतले होते हो. थेंबभर पाणी सांडलं नव्हतं.”

“तेव्हा गाडीत कोण कोण होतं?”

“भजनी मंडळ.”

“सगळं?”

“सगळं.”

सासूबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी शेकायची पिशवी बाजूला केली. मग त्यांचं पोट हलायला लागलं. कंबर धरून हसायला लागल्या, “अगो बाय माझे, ते पाटे आठ म्हशींच्या वजनाला मऊ झाले होते गो! माझ्या एकटीच्या सापळ्याला कसे वाकतील?”

दारात उभे असलेले हे भिंतीला टेकून हसत होते. फिजिक्स तेवढी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

“मागे वाळूची पोती टाकतो,” हसू आवरून हे म्हणाले. “वजन पडलं की झालं.”

“वाळूच्या पोत्यांना पेटी वाजवता येते का?” सासूबाई म्हणाल्या. “वजनच हवंय ना? मग बायकांना बोलाव.”

कंबरदुखी उतरायला आठवडा गेला. पुढच्या रविवारी भजनी मंडळ टाळ-पेटीसकट हजर. मी कसंबसं सांगितलं, की तुमच्या... म्हणजे... तुम्ही असलात की गाडी बरी चालते. पेटीवाल्या काकू म्हणाल्या, “सरळ सांग ना, आम्ही जाड आहोत म्हणून. लाजतेस काय? आमचे नवरे रोज सांगतात, पण नेत कुठेच नाहीत!”

एका बाकावर चौघी, समोर चौघी, आणि त्यांच्या पायांमध्ये गादीवर सासूबाई. मी त्यांचं डोकं मांडीवर धरून. चर आला. मी डोळे मिटले. गाडी नुसती वर झाली आणि हलकेच खाली बसली. सासूबाईंनी एक डोळा उघडून विचारलं, “गेला?”

“गेला!”

मालाडपर्यंत अभंग, मार्व्यानंतर गवळणी, आणि वाडीच्या खडकाळ वाटेला लागलो तेव्हा बायका फुगडीच्या गाण्यांवर आल्या होत्या. ट्रक झुलत होता, टाळ आपोआप तालात पडत होते. रस्त्याकडेला मासळी वाळत घालणाऱ्या बायका काम टाकून बघत राहिल्या.

सासूबाईंची बहीण काठी टेकत वाडीच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकापाशी, उभी होती. ट्रकातून एकामागून एक बायका उतरताना बघून तिचा चेहरा पडत चालला. “एवढ्यांचा भात नाही गो घातलेला,” ती पुटपुटली. शेवटी सगळ्यांनी हात देऊन सासूबाईंना उतरवलं. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. गळ्यात पडणं वगैरे काही नाही. बहिणीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“वाळलीस.”

“आणि तू फुगलीस. आमच्या ट्रकला असलंच वजन लागतं.”

“बरं झालं, जाताना मलाही गाडीत घाल.”

मग मात्र दोघींनी एकमेकींचे हात धरले ते दिवसभर सोडले नाहीत. जेवतानासुद्धा एकीने उजव्या हाताने जेवायचं आणि डावा दुसरीच्या गुडघ्यावर. भात दुसऱ्यांदा लावला, बायकांनीच नारळ खोवले, हे माडाखाली घोरत पडले. निघताना दोघींत कुळथाच्या पिठावरून भांडण झालं, एवढं कमी का आणलं म्हणून, ते पुढच्या खेपेला पुरं करायचं ठरलं.

परतीच्या वाटेवर बायका डुलक्या घेत होत्या. मी सासूबाईंना हळूच विचारलं, “आई, कंबर कशी आहे?”

त्या म्हणाल्या, “कंबर झकास आहे. पुढच्या महिन्यात परत जाऊ. ह्या बायकांना आत्ताच सांगून ठेव. आणि हे बघ, तोवर कुणाला उपासबिपास करू देऊ नकोस. एकही बाई वाळता कामा नये.”