तिच्या डोळ्यांनी गळ टाकताना

दसरा उलटला की उजनी धरणाचं पाणी निवळतं. पावसाळाभर गढूळ चहासारखं असलेलं पाणी हिरवट होतं, बुडालेल्या बाभळींची टोकं वर दिसायला लागतात, आणि संध्याकाळी बारक्या माशांचे थवेच्या थवे उथळात येतात. त्यांच्यामागे त्यांना खाणारी मोठी मरळ येते. मग बघा मजा! शांत पाणी एकदम उसळतं, मूठभर चुरमुरे उधळावेत तसे चिमुकले मासे हवेत उडतात, आणि परत सगळं गप्प.

सांगतोय खरं, पण मला आता यातलं काही दिसत नाही. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध धुकं बसलंय. जिकडे बघावं नेमकं तेच गायब, कडेकडेचं तेवढं दिसतं. गेलेली नजर परत येणार नाही म्हणाले डॉक्टर, तर मी त्यांच्यावरच चिडलो. सोलापुरातलं साड्यांचं दुकान मुलाकडे गेलं, गाडीची किल्लीही त्याच्याकडे गेली. राहिला होता हा गळ टाकायचा एक नाद, आणि तो मी कुणालाही देणार नव्हतो.

नाद तरी कसला! आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. पुतण्यानं परदेशातून एक लवचिक रॉड आणून दिला आणि मोबाईलवर बघून बघून मी फ्लाय टाकायला शिकलो. शेळीचे पांढरे केस आणि दुकानातली जरीची कात्रणं गळाला बांधून बारका खोटा मासा करायचा, हाच फ्लाय, डोक्यावरून दोरी मागेपुढे झुलवायची आणि तो मरळीच्या पुढ्यात अलगद टाकायचा. धरलेला मासा लगेच सोडायचा, हा माझा नेम. धरणाजवळच्या जेऊरचे लोक हसायचे. "सोडायचाच हाय तर धरता कशाला, मालक?" मी म्हणायचो, "तुमाला न्हाय कळायचं." खरं तर मलाही ते नीट सांगता आलं नसतं.

नजर गेल्यावर बायको सोबत यायला लागली. सोलापूरहून रेल्वेनं जेऊर, तिथून रिक्षानं पाण्यापर्यंत. ती अक्कलकोटकडची, माहेरी कन्नड बोलणारी. फार चिडली किंवा हरखली की अजून कन्नडवरच जाते. काठावर सतरंजी टाकून बसायची आणि सांगायची, "डावीकडं, बाभळीच्या अलीकडं." मी तिकडे टाकायचो. गेल्या वर्षी अशा किती मरळी धरल्या आम्ही. हो, आम्हीच म्हणायला पाहिजे.

यंदा मात्र एकही लागेना. ती सांगेल तिथे दोरी पडायची आणि तशीच रिकामी परत यायची. मला आतून भीती बसली. डोळे गेले ते गेले, आता हातही गेला की काय? परतताना गाडीत मी रॉड मांडीवर आडवा घेऊन बसायचो. रॉड कुणाला तरी देऊन टाकावा आणि गुमान घरी बसावं, असं मनात यायचं.

त्या संध्याकाळी वारा पडला होता. माझ्या धुक्यात पाणी आणि आभाळ एक झालं होतं, मधे काठच उरला नव्हता. गुडघ्याएवढ्या कोमट पाण्यात मी उभा होतो, पण उभा आहे की तरंगतोय तेच कळेना. लांब कुठंतरी मेंढरं ओरडत होती. असंच विरघळून जावं, असं वाटत होतं. तेवढ्यात डावीकडे पाणी खळकन वाजलं.

"उजवीकडं टाका," बायको मागून म्हणाली.

मी उजवीकडे टाकलं. परत डावीकडे खळखळ.

"उजवीकडंच. अजून जरा लांब."

माझं डोकं फिरलं. "अगं ए, मी आंधळा झालोय, बहिरा न्हाय! मासा डावीकडं उसळतोय आणि मला उजवीकडं पाठवतीस? यंदा रोज हेच चाललंय व्हय?"

"ऐकू येतंय तर टाका की तिकडं. मला कशाला विचारता?"

"पण का केलंस असं?"

ती उठून पाण्याच्या कडेशी आली. मग म्हणाली, "गेल्या वर्षीची शेवटची मरळ आठवती? गळ काढताना तुमी चाचपडत होता. तिचे कल्ले फाटले. सोडल्यावर तुमी विचारलं, गेली का? मी म्हणाले, गेली. कुठं गेली न्हाय हो ती. लव्हाळ्यात आडवी पडली. तुमी डबा खात होता आणि मी तिच्याकडं बघत बसले होते."

मरळ लई चिवट. ओल्या पोत्यात घालून बाजारात नेली तरी जिवंत राहते. ती मेली म्हणजे मी तिचे काय हाल केले असतील!

"मला सांगायचंस की."

"काय सांगू? डॉक्टरांनी सांगितलेलं कमी होतं का?"

मी पाण्यातून बाहेर आलो आणि सतरंजीवर बसलो. वाईट वाटत होतं, फार वाईट. आणि त्यातच, हात गेलेला नाही, या विचारानं बरंही वाटत होतं. त्या बरं वाटण्याची मला लाज वाटली.

"पिशवीतली पक्कड काढ," मी म्हणालो. "गळाचा वाकडा भाग तोडून टाक. मला दिसायचं न्हाय, तूच तोड."

तिनं कट्कन तोडला. उरली नुसती सरळ काडी, तिला बांधलेले केस आणि जर. "आता मासा लागणार कसा?"

"लागणारच न्हाय. तोंडात घेईल, ओढील, थुंकून टाकील."

"मग तुमाला काय मिळणार?"

"बघू की."

तिनं पदर खोचला आणि पहिल्यांदाच माझ्याबरोबर पाण्यात उतरली. माझं कोपर धरून मला डावीकडे वळवलं. "हितं. अजून थोडं. हां, टाका!"

टाकलं. दोरी हळूहळू ओढत होतो आणि एकदम असा हिसका बसला की खांद्यापर्यंत गेला. रॉड वाकला, आणि क्षणभर सगळं धरण माझ्या मुठीत आलं. मग दोरी सैल पडली.

"अय्यो शिवने! केवढी हो ती! वळली आणि गेली की सरळ आत!" बायको ओरडत होती. मी हसत होतो आणि डोळे पुसत होतो. तिला काहीतरी गोड म्हणावं असं मला वाटलं, पण आमच्यात तशी पद्धत नाही. मी दोरी गुंडाळायला घेतली.

"चल. रिक्षावाला खोळंबला असेल."

तिनं कोपर सोडलं नाही. "थांबू दे त्याला. समोर बारके मासे पळायलेत बघा, ती हायच त्यांच्यामागं. टाका लवकर!"