हेल्मेट आणि आमचा लुक

आमच्या बँडची गाणी तेव्हा चार होती आणि लोगो सात. त्यातले दोन लोगो मला अजूनही गाण्यांपेक्षा बरे वाटतात.

मी गिटार वाजवायचो आणि पोस्टरं करायचो. पोटासाठी भिलाईच्या नेहरू नगरातल्या एका कोचिंग क्लासचे फ्लेक्स बनवायचो, म्हणजे पास झालेल्या पोरांचे चेहरे उजळायचे, गळ्यात टाय अडकवायचा, मागे सूर्याचे किरण सोडायचे. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला बँडचा आर्ट डायरेक्टर म्हणवून घेत होतो आणि कोणी हसत नव्हतं. गायक शेजारच्या दुर्ग शहरातल्या जुन्या मराठी घरातला, वडिलांचं कापडाचं दुकान. भिलाईच्या स्टील प्लांटच्या गेटाच्या आत त्याने जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. तिसरा आमचा ड्रमर, कुरुद गावचा. तो मात्र प्लांटमध्ये एका ठेकेदाराकडे कामाला होता. दिवसा भट्टीजवळ, संध्याकाळी आमच्यासोबत. तिघांत खरं वाजवता येणारा तोच होता, पण हे आम्ही त्याला कधी कळू दिलं नाही.

गायकाचं म्हणणं असं की आजकाल गाणं आधी दिसतं, मग ऐकू येतं. फोटो, कव्हर, रील, स्टिकर, टीशर्ट, सगळ्यावर एकच रंग, एकच फॉन्ट आणि एकच तिरसट चेहरा पाहिजे.

"अपनी पहचान स्टील आहे यार," तो म्हणाला. "लोहा, धुआं, पसीना. एकदम रॉ दिसलं पाहिजे."

परदेशी बँडांचे दहाबारा फोटो त्याने मला पाठवले. त्यात हेल्मेट घातलेले, गालाला काजळी फासलेले लोक कॅमेऱ्यावर खार खाऊन उभे होते. त्यावरून मी आमचे तीन रंग ठरवले: गंज, कोळसा आणि वितळतं लोखंड. वितळतं लोखंड म्हणजे साधा नारिंगी, पण असं नाव दिलं की माणूस जरा वेळ पाहतो.

आता गंमत अशी की माझ्या वडिलांची अख्खी नोकरी त्याच प्लांटमध्ये गेली. पण मी त्यांना मळलेलं एकदाही पाहिलं नव्हतं. ते तिथेच आंघोळ करून, केस विंचरून घरी यायचे. प्लांटवाल्याचा मुलगा असून काजळी गालावर कशी बसते हे मला मोबाइलवर शोधावं लागलं. शेवटी बहिणीचं काजळ घेतलं.

प्लांटमध्ये कॅमेरा नेता येत नाही. म्हणून फोटो काढायला आम्ही शहराबाहेर अहिवाऱ्याच्या रस्त्याला गेलो, तिथे धुळीचा तोटा नाही. फक्त ती धूळ चुनखडीची, पांढरी. लोखंडासारखं दिसायला गेलेले आम्ही अर्ध्या तासात पिठाच्या चक्कीतून आल्यासारखे दिसायला लागलो. फोटो काळेपांढरे करू, असं मी अधिकारवाणीने जाहीर केलं.

ड्रमर त्याच्या मोटारसायकलवर आला. पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, भांग एकदम सरळ. गायकाने मागितलं होतं म्हणून स्वतःचं ड्यूटीचं हेल्मेट पिशवीत घालून आणलं होतं.

"हे काय घालून आला बे?" गायक म्हणाला. "थोडी कालिख लगा ना."

"सहा दिवस थेच लावून रायतो," तो म्हणाला. "आज सुट्टी आहे माही. फोटो चांगला पायजे. मायले दाखवाचा आहे."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. लोखंडाच्या बँडमध्ये हा लग्नाला निघालेला माणूस कुठे बसवायचा? शेवटी त्याला कडेला उभं केलं. कडेचा माणूस नंतर कापता येतो, ही कोचिंग क्लासची विद्या.

जाताना तो हेल्मेट परत मागायला लागला. गायकाला त्याचे जवळून फोटो हवे होते. बाजारातून आणलेली आमची दोन्ही हेल्मेटं खेळण्यातली वाटत होती.

"संध्याकाळपर्यंत घरी पोचवून देजो," ड्रमर मला म्हणाला. "सकाळी ड्यूटी आहे. अन् सांभाळून. तडा दिसला का गेटवरून वापस करतात. ठेकेदार माह्यावर टपूनच बसला आहे, एक दिवस नागा झाला का दुसरा माणूस लावून देईन."

मी म्हणालो, तू बिनघोर जा.

तो गेला आणि आम्ही हेल्मेट दगडावर ठेवून पाहिलं. ते फारच नीटनेटकं होतं. रोज पुसून ठेवलेलं, पट्टासुद्धा धुतलेला. जो माणूस ते रोज घालून भट्टीपाशी उभा राहतो त्याचं हेल्मेट आम्हाला वापरलेलं वाटेना.

"हे खरं नाही वाटत," गायक म्हणाला आणि त्याने दगड उचलला. दोन घाव त्याने घातले, तिसरा मी. माझ्या घावाला आतून कट् असा आवाज आला आणि कपाळाच्या वर केसाएवढी रेघ उठली. मला ती दिसली. ड्रमरने काय सांगितलं होतं तेही आठवलं. पण त्या रेघेवर उजेड इतका छान पडला होता की मी आधी फोटो काढले.

संध्याकाळी त्याच्या आईच्या हातात पिशवी दिली, चहासुद्धा प्यालो. तड्याबद्दल बोललो नाही. पिशवीची गाठ घट्ट बांधलेली होती तेवढी.

घरी येऊन फोटोच्या कडेचा पांढरा शर्ट कापला, कारण तो आमच्या तीन रंगांत बसत नव्हता, आणि पोस्टर ऑनलाइन टाकलं. भिलाईत पोस्टर टाकणं म्हणजे सेफ्टी ऑफिसरच्या टेबलावर अर्ज ठेवणं. इथे घरटी एक तरी प्लांटवाला. गाण्याबद्दल एका माणसाने लिहिलं नाही. हनुवटीचा पट्टा कुठे, बूट कोणते, हातमोजे का नाहीत, हीच चौकशी. वडिलांनी मोबाइल लांब धरून पाहिलं.

"पट्टा कावून नाही बांधला?" त्यांनी विचारलं. मग फोटो मोठा करून, "अन् तोंडाले काय लावून रायले हे? आमी असे दिसत होतो का?"

मी म्हणालो, हा लुक आहे. त्यांनी मोबाइल परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रमर दारात. ड्यूटीचे कपडे, हातात हेल्मेट. गेटवर त्याला परत पाठवलं होतं. ठेकेदाराने तिथल्या तिथे दुसरा माणूस आत घेतला आणि याला सांगितलं, आता येऊ नको.

"तुले मालूम होतं ना?" त्याने विचारलं.

मी नवीन हेल्मेट आणून देतो म्हणालो, ठेकेदाराला भेटतो म्हणालो. मग त्याने हेल्मेट माझ्या हातात दिलं.

"हे आता डोस्क्यावर नाही चालत," तो म्हणाला. "तुमच्या पोस्टरवर राहू दे. तिथं डोस्कं लागत नाही."

तो निघून गेला. बँडमधूनही गेला, हे वेगळं सांगायला नको. मला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पण खरं सांगायचं तर ती नंतर वाटली. पहिल्यांदा वाटलं, काय ओळ आहे ही.

ती ओळ मी आमच्या पुढच्या पोस्टरवर घेतली, वितळत्या लोखंडाच्या रंगात, मोठ्या अक्षरांत. आजवर आमच्या कोणत्याच गाण्याला मिळाली नाही एवढी वाहवा तिला मिळाली. कोणाची ओळ, असं बऱ्याच जणांनी विचारलं. मी उत्तर दिलं, बँडची.