होडीवर मारलेली धार

काल मुलाने घरी प्रेशर वॉशर आणला... आणि मी खुर्ची ओढून अंगणात बसलो. या विषयात आपल्याला कळतं, असं मी स्वतःच जाहीर केलं. सून हसली. हसू दे, मी साठच्या दशकातच ही परीक्षा देऊन बसलोय.

तेव्हा मी मुंबईत एका गॅरेजात गाड्या धुवायचो. तिथला दोघांनी दांडा हलवून चालवायचा जुना पंप मालकाने मला देऊन टाकला, आणि नारळी पौर्णिमेच्या चार दिवस आधी तो घेऊन मी गावी, थळच्या आमच्या कोळीवाड्यात हजर झालो. सोबत दोन तोट्या होत्या, एक रुंद, एक बारीक. मी बारीक निवडली... धार जेवढी बारीक तेवढी सफाई चांगली, एवढंच माझं शास्त्र.

आमची होडी पावसाळाभर वाळूत झावळ्यांखाली उभी होती, तळाला शिंपल्या चिकटलेल्या. बाबांना ती खरवडायला तीन दिवस लागायचे. मी दोघा चुलतभावांना दांड्यावर लावलं आणि दुपारच्या आत होडी चकाचक केली. शेजारचे बघायला आले, मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर बाबा होडीपाशी आले. चकाकीकडे न बघता नुसते अंगठ्याने फळ्यांचे सांधे दाबत चालले. या सांध्यांत कापूस ठोकून वर राळ लावतात, म्हणून पाणी आत येत नाही. माझ्या धारेने चार सांध्यांतला कापूस उपटून काढला होता.

"पोरा, होरी धुतलीस का सोललीस?" एवढंच म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पौर्णिमेला नारळ वाहून गावातल्या सगळ्या होड्या समुद्रात जाणार, आणि आमची एकटी माझ्यामुळे वाळूत राहणार... पावसाळाभर घर त्या दिवसाची वाट बघत होतं.

उरलेल्या दोन दिवसांत बाबांनी सगळं काम माझ्याकडून करून घेतलं. कापूस मी ठोकला, राळ मी लावली. त्यांनी कशालाच हात लावला नाही, फक्त मधूनमधून अंगठा दाबून बघायचे आणि मान हलवून परत ठोकायला सांगायचे.

पौर्णिमेला होडी पाण्यात लोटताना ते म्हणाले, "पयल्या फेरीला तू तलात बसाचा. जिथं धार मारलीस तिथं हात ठेवून."

बसलो. गाव काठावर गात होतं आणि मी अंधाऱ्या तळात गुडघे पोटाशी घेऊन सांध्यावर तळहात दाबून... खूप भीती वाटली, खोटं कशाला बोलू. परत आलो तेव्हा तळहात घामाने ओला होता, सांधा कोरडा. बाबा माझ्याकडे बघून वल्ही उचलून चालू लागले.

काल मुलाने फरशी धुतली आणि धार सरळ जुन्या लाकडी दरवाजाकडे वळवली. मी मशीन बंद करायला लावलं. आधी पायात बूट घाल, ही धार कातडीही सोलते म्हटलं, बारीक तोटी काढून रुंद लावली, आणि दरवाजाच्या फळ्या अंगठ्याने दाबून पाहिल्या.

होडी कधीच मोडीत गेली, बाबाही गेले... अंगठा मात्र अजून त्यांचाच आहे.