प्रेमलाचा दुसरा भाग

सांडोर गावच्या प्रेमलाला इंग्रजीचा गंध नव्हता, पण आकाशात उडणाऱ्या माणसाचा एक इंग्रजी पिक्चर तिने पाहिला होता. एकोणऐंशी साली मुंबईला नोकरीत असलेल्या भावाने, गुरुदत्तने, तो तिला दाखवला. मग दुपारी पडवीत मोगरा ओवता ओवता तिने सासूला, रखमाबाईला, आणि शेजारच्या सुभद्राला गोष्ट सांगितली. जे कळलं नव्हतं ते पदरचं घातलं. उडणारा वीर बुडती बस उचलतो आणि तिचा ड्रायव्हर त्याला चण्याची पुडी देतो, हे तिचंच. दोघींना तो ड्रायव्हर फार आवडला.

दोन वर्षांनी दुसरा भाग लागल्याची बातमी आली. पण तोवर गुरुदत्तची नागपूरला बदली झाली होती, आणि प्रेमलाचा नवरा आत्माराम नारळाच्या झाडावरून पडून पाय प्लास्टरमध्ये घेऊन आतल्या खोलीत पडला होता. दोन्ही खांद्यांवर केळीचे लोंगर, अख्खे घड, वाहणारा गडी आता भिंतीकडे तोंड करून असायचा. विचारलं तर 'हं', नाहीतर तेही नाही.

"आत्मारामच्या औषधाला मुंबईला गेलीस तेव्हा दुसरा पाहिलास ना गं?" सुभद्राने विचारलं.

"पाहिला की," प्रेमलाच्या तोंडून निघून गेलं.

आता सांगणं आलं. पहिल्या दुपारी तिने तीन दुष्ट आणले, इमारती पाडल्या, वीराला पहिल्यापेक्षा उंच उडवलं. सुभद्राने जांभई दिली.

"आगं, पन जिंकनार तोच ना?" रखमाबाई म्हणाली. "आनि तो बसवाला? त्याचं पुढं काय झालं?"

प्रेमलाने सुईत नवा दोरा ओवला. संध्याकाळी तिने नवऱ्याला पाणी दिलं. "जरा बसव मला," तो म्हणाला, आणि तेवढं मागावं लागलं म्हणून त्याने मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी वीर आकाशातून पडला. एका म्हातारीच्या वाडीत, केळींमध्ये. म्हातारीने त्याला ओळखलं नाही. घरात नेलं, पेज पाजली आणि रिकामा बसू नकोस म्हणून लसूण सोलायला दिला. ज्या लोकांना त्याने वाचवलं होतं ते दारावरून जात, पण कोणी वळून बघेना. सुभद्राची सुई थांबली.

"असं नको करू त्याचं!" रखमाबाई कडाडली.

"मी कुठे करते, आई? पिक्चरमध्येच तसं आहे."

मग एक दिवस त्या दारात बसचा ड्रायव्हर उभा राहिला. त्याने ओळखलं. शेजारी बसला आणि लसूण सोलू लागला. रखमाबाईने पदर डोळ्याला लावला.

"मंग? उठला का तो?" आतून आवाज आला.

तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आत्माराम आपणहून बोलला होता.

"उद्या सांगते," प्रेमला कशीबशी म्हणाली.

"सांग. पन लगेच उडवू नको त्याला. आधी धड उभा राहू दे."

त्यानंतरच्या बऱ्याच दुपारी वीर ड्रायव्हरच्या खांद्यावर हात टाकून नुसता चालायला शिकत होता. आतून आत्माराम चुका काढायचा. टाच अशी टेकत नाही, आधी घाम फुटतो, म्हणायचा. गोष्टीला असा रंग कधीच चढला नव्हता.

त्यातच भुईगावची सेलिन आली. ती मुंबईला नर्स होती, प्रेमलाची शाळेतली मैत्रीण. तिने थोडं ऐकलं आणि हसली. "अगं, मी पाहिलाय तो. म्हातारी नाही नि लसूण नाही त्यात!"

प्रेमलाचा चेहरा पडला.

"तुझ्या पिक्चरमध्ये काय आहे मग?" रखमाबाईने विचारलं. सेलिनने थोडक्यात सांगितलं. सासूने ऐकून घेतलं. "बरं. तो त्यांचा झाला. प्रेमला, तू आपला सांग."

आणि सेलिनही सुईदोरा घेऊन बसली.

वीर शेवटी उडाला, पण आधी ड्रायव्हरच्या बसमधून गावभर फिरून ज्याला त्याला भेटून आला. "आता पटलं," रखमाबाई म्हणाली.

पावसाच्या तोंडाशी आत्मारामचं प्लास्टर निघालं. काठी टेकत तो पडवीत आला आणि बायकांत बसू लागला. नारळावर तो परत चढला नाही, त्यासाठी गडी लावला. स्वतः मोगऱ्याच्या वेण्या ओवायला शिकला. ओवायचा अगदीच वाईट. तो आत गेला की सुभद्रा त्या उसवून पुन्हा ओवायची.