वाडा कुठं उतरलाय?

माणसं घर सोडून जातात म्हणतात. आमच्या बाबतीत घरच आम्हाला सोडून पुढे निघून गेलं. विट्याच्या फाट्यावर सकाळी आमचा वाडा कराडच्या रस्त्याला लागला. पुढे घोडी, त्यांच्या पाठीवर भांडीकुंडी, जाळी, बांधलेल्या कोंबड्या आणि नणंदेचं तान्हं पोर. मागून मेंढरं, आणि मेंढरांच्या मागे माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणते. आम्ही नवराबायको एक ट्रंक घेऊन सांगलीच्या एसटीची वाट बघत उभे होतो. वळणावर मामा थांबले आणि तिथूनच ओरडले, "नीट ऱ्हावा रं! वाडा कुठं उतरला ते कळवीन. कवाबी या जेवायला."

वाडा म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढे दगडी चौक आणि झोपाळा आला असेल, तर तो आधी पुसून टाका. आम्हा धनगरांच्या बोलीत वाडा म्हणजे मेंढरांबरोबर फिरणारी चार-पाच बिऱ्हाडं. संध्याकाळी कुणाच्या तरी रानात उतरायचं, जाळी लावून मेंढरं आत घ्यायची, तीन दगडांची चूल मांडायची. सकाळी सगळं उचलायचं. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात, पावसाच्या आधी परत आटपाडीच्या माळावर, तिथंही पालंच. ज्याच्या शब्दावर वाडा हलतो, त्याच्या नावानं तो ओळखला जातो. आमचा मामांच्या नावानं.

मला ते जिणं नको होतं, हे सरळच सांगते. दिवस गेले होते आणि माझं मूल उसाच्या बांधावर जन्माला यावं असं मला वाटत नव्हतं. मला दार हवं होतं. आतून कडी लावता येईल असं दार.

सांगलीत कडी मिळाली, पण दुसऱ्याच्या दाराची. ह्यांना कुपवाडच्या कारखान्यात काम लागलं, मी ब्लाउज शिवू लागले, मुलगी शाळेत जाऊ लागली. खोल्या मात्र बदलत राहिल्या. एका मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं म्हणून निघालो, एकदा कृष्णेचं पाणी उंबऱ्याच्या आत आलं म्हणून. प्रत्येक वेळी गाठोडी बांधताना राग यायचा. वाड्यात निदान आम्हाला कुणी उठवत नव्हतं, आमचे आम्ही उठत होतो.

म्हणून पहिल्यांदाच घर घेणाऱ्यांना सुरुवातीची रक्कम भरायला सरकार मदत करतं, हे कळलं तेव्हा आम्ही हुरळून गेलो. घर घरातल्या बाईच्या, म्हणजे माझ्या नावावर होणार होतं. अट एवढीच, की कुटुंबात कुणाचंही कुठंही पक्कं घर नको. आमचं रेशनकार्ड अजून मामांच्या बरोबर एकत्र होतं, पण त्याची काय काळजी? ह्या एका अटीत आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पास होतो. एक लहानसा फ्लॅट बघून ठेवला. दिवाळीपर्यंत रक्कम भरा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं बिल्डरनं बजावलं होतं.

अर्ज भरला. त्याच्या चौकशीला सरकारी ऑफिसातून एक बाई आल्या, त्या दिवशी मामा डोळे दाखवायला सांगलीत आले होते. मी आत चहा ठेवत होते; बाहेरचं बोलणं मला पुढे मामांकडूनच कळलं.

"काका, गावाकडं काय आहे तुमचं?" बाईंनी विचारलं.

"वाडा हाय की आमचा," मामा म्हणाले.

"मोठा आहे?"

"लय मोठा. चार-पाच बिऱ्हाडं हायती. घोडी हायती, कुत्री हायती."

"कुणाच्या नावावर?"

"माझ्याच की! माझ्या नावानंच वळखत्यात समदी."

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा मामांचा चेहरा फुलला होता. सुनेच्या दारी कुणी साहेबीण येऊन त्यांची विचारपूस करत होती. बाई चहा पिऊन, मामांना नमस्कार करून गेल्या. जे होतं ते त्या माणसानं सांगितलं होतं, आणि बाईंनी ऐकलं तेच लिहून नेलं होतं.

अर्ज अडकला. त्यावर शेरा होता: अर्जदाराच्या सासऱ्यांचा गावी मोठा वाडा, घोडे बाळगून आहेत. आमचा वाडा चालता आहे, असं हे ऑफिसात जाऊन हसत हसत सांगू लागले, पण समोर कुणी हसेना. चालता वाडा कधी असतो का, ऑफिसातले म्हणाले. शेवटी एक तोड निघाली. सासऱ्यांनी स्वतः लिहून द्यायचं की मला कुठंही घर नाही.

तोवर वाडा यंदाच्या वाटेला लागून कराडच्या अलीकडे पोचला होता. हे तिथं गेले. आल्यावर ह्यांनी सांगितलं. मामांनी कागद दोनदा वाचून घेतला होता. मेंढरांकडे, चुलीकडे, पालांकडे एकदा नजर फिरवली आणि विचारलं, "घर न्हाई म्हंतोस. मग आमी जलमभर ऱ्हायलो कुठं रं?" मग त्यांनीच अंगठा पुढे केला. "दे हिकडं. पोरीला दार पायजे."

पैसे मिळाले. फ्लॅट झाला. दारावर माझ्या नावाची पाटी आहे आणि कडी माझी आहे. रोज संध्याकाळी ती लावताना सुख वाटतं, खोटं कशाला बोलू? वास्तुशांतीला मामा आले, भिंतीवर हात थापटून "पक्कं हाय" म्हणाले, पेढा खाल्ला आणि मेंढरांचं कारण सांगून दुपारीच निघाले.

वाड्यावर राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या फाट्यावर उतरलेल्यांनो, तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. फाट्यावर म्हटल्याप्रमाणे मामांनी इतकी वर्षं न चुकता कळवलं. "वाडा विट्याच्या म्होरं उतरलाय, या जेवायला." "वाडा घाट उतरला, या जेवायला." आधी कुणाच्या तरी हाती निरोप, नंतर फोन. फोन अजूनही येतो. पण त्या अंगठ्यानंतर त्यांच्या तोंडून 'वाडा' हा शब्द मी ऐकलेला नाही.

परवा मी मुद्दाम विचारलं, "मामा, वाडा कुठं उतरलाय?"

पलीकडून घोड्याच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती. ते म्हणाले, "मेंढरं व्हय? मेंढरं पाटणच्या म्होरं हायती. या जेवायला."